आमदार नेमकं करतो काय? सांगोल्याच्या आबासाहेबांच्या कारकिर्दीतून समजून घेऊया

जून २०२२ मध्ये गुवाहाटीच्या हॉटेलातून झालेल्या एका फोनमुळे सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचं नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलं. 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' म्हणणारे शहाजीबापू पाटील तेव्हा सांगोल्याचे आमदार होते. त्यांच्याआधी याच मतदारसंघाने एका माणसाला अकरा वेळा विधानसभेत पाठवलं होतं. भाई गणपतराव देशमुख, तालुक्याच्या तोंडी आबासाहेब. पक्ष शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. विधानसभेतली त्यांची वर्षं अर्धशतकाच्या घरात जातात.

'आमदार काय करतो?' असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. रस्ते करतो, सभामंडप बांधतो, हायमास्ट दिवे लावतो, आपल्या माणसाची बदली थांबवतो. यातलं काहीच खोटं नाही, पण आमदाराच्या कामाचा हा छोटा भाग आहे. मोठा भाग मतदाराला दिसत नाही आणि मग तो मोजलाही जात नाही. गणपतरावांची कारकीर्द मी उदाहरण म्हणून घेतोय, कारण त्यांच्या बाबतीत हा न दिसणारा भागच जास्त होता. सत्तेबाहेर राहून, आटत जाणाऱ्या लहान पक्षात राहून, दुष्काळी तालुक्याचा प्रतिनिधी काय करू शकतो, हे त्यातून नीट कळतं.

आधी हिशेब मांडू. १९६० साली राज्य झालं आणि १९६२ साली झालेल्या पहिल्याच विधानसभा निवडणुकीत ते सांगोल्यातून निवडून आले. १९६७ ला पुन्हा. १९७२ ला हरले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. मग १९७८, १९८०, १९८५, १९९० असे लागोपाठ चार विजय. १९९५ ला काँग्रेसच्या शहाजीबापूंनी त्यांना हरवलं, अवघ्या १९२ मतांनी. १९९९ ला ते परत आले आणि २००४, २००९, २०१४ अशा पुढच्या तीनही निवडणुका जिंकले. एकूण तेरा निवडणुका, अकरा विजय, दोन पराभव आणि मतदारसंघ कायम एकच. समाजमाध्यमांवर याला देशातला विक्रम म्हणतात, पण तसं नाही. केरळात पाला या लहान शहरातून के. एम. मणी तेरा वेळा निवडून आले होते. महाराष्ट्रात मात्र आबासाहेबांच्या पुढे कुणी गेलेलं नाही.

आता आमदाराचं काम.

राज्यघटनेच्या दृष्टीने आमदार हा विधिमंडळाचा सदस्य असतो. कायदे करणं, सरकारच्या खर्चाला मंजुरी देणं आणि मंत्र्यांना जाब विचारणं ही त्याची तीन मूळ कामं. शहरातलं गटार, कचरा, नळाचं पाणी हे नगरपालिकेचं. गावचा आतला रस्ता ग्रामपंचायतीचा किंवा जिल्हा परिषदेचा. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर तर या संस्थांना घटनेचाच आधार मिळाला. तरीही लहान शहरात लोक गटारासाठी नगरसेवकाला सोडून आमदाराच्या दारात जातात. कारण साधं आहे. नगरपालिकेकडे पैसा कमी, तो येतो राज्य सरकारकडून आणि राज्य सरकारशी बोलू शकणारा गावातला एकच माणूस म्हणजे आमदार. त्यामुळे सकाळी आमदाराच्या घरापुढे जी गर्दी असते, तिच्यात कायद्याबद्दल बोलायला आलेलं कुणीच नसतं. कुणाचा विजेचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळालेला असतो, कुणाचं निराधार योजनेचं अनुदान अडलेलं असतं, कुणाला दवाखान्यासाठी शिफारसपत्र हवं असतं. ही कामं क्षुल्लक नाहीत. ज्या विधवेचं अनुदान सहा महिने आलेलं नाही, तिच्यासाठी तहसीलदाराला गेलेला आमदाराचा एक फोन म्हणजे सगळी राज्यघटना.

मग येतो आमदार निधी. महाराष्ट्रात आता तो वर्षाला ५ कोटी आहे. आकडा मोठा वाटतो, पण सांगोल्यासारख्या तालुक्यात गावं शंभराच्या आसपास. सगळ्यांना सारखा वाटला तर गावाला वर्षाला ५ लाख येतात, तेवढ्यात शाळेची एखादी खोलीही पुरी होत नाही. हा पैसा आमदाराच्या हातात येतच नाही, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तो फक्त काम सुचवतो. अंदाजपत्रक बांधकाम खातं किंवा जिल्हा परिषद तयार करते, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात, पैसे काम करणाऱ्या यंत्रणेकडे जातात. फलकावर मात्र नाव आमदाराचं असतं. म्हणून फलक मोजून आमदार जोखणं मला चुकीचं वाटतं. निधी प्रत्येक आमदाराला सारखाच मिळतो, त्यावरून दोन आमदारांतला फरक कसा कळणार?

फरक कळतो सभागृहात. तिथली आयुधं एकदा समजून घ्यायला हवीत.

सर्वांत महत्त्वाचं आयुध म्हणजे तारांकित प्रश्न. अधिवेशनात दिवसाच्या सुरुवातीला प्रश्नोत्तरांचा तास असतो. आमदाराने आधीच लेखी पाठवलेले प्रश्न क्रमाने पुकारले जातात आणि मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. या प्रश्नाची भाषा वर्षानुवर्षं एकाच साच्याची आहे. समजा एका पाझर तलावाचं काम रखडलंय. तर प्रश्न साधारण असा येतो :

(१) अमुक तालुक्यातील अमुक गावच्या पाझर तलावाचे काम निधीअभावी अपूर्ण असल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय. (२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय. (३) त्यात काय आढळून आले व त्यानुषंगाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

वाचायला रुक्ष, पण यात जोर आहे. हा प्रश्न मंत्रालयातून विभागाकडे, तिथून जिल्ह्याकडे, जिल्ह्यातून तालुक्याकडे जातो. ज्या अभियंत्याने त्या तलावाची फाइल दोन वर्षं उघडली नव्हती, त्याला ती उघडून माहिती पाठवावी लागते. कित्येकदा उत्तर येईपर्यंत काम सुरूही झालेलं असतं. सभागृहात प्रश्न पुकारला गेलाच, तर आमदार उपप्रश्न विचारतो आणि इथे कस लागतो. लेखी उत्तर अधिकाऱ्यांनी लिहून दिलेलं असतं, उपप्रश्नाला मंत्र्याला स्वतः बोलावं लागतं. ज्या आमदाराला त्या तलावाचा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायची वाट, कुठल्या बाजूला आहे हे माहीत आहे, त्याच्यापुढे 'माहिती घेऊन सांगतो' हे उत्तर फार वेळ टिकत नाही. मंत्री 'तीन महिन्यांत काम पूर्ण करू' म्हणाले की ते आश्वासन होतं. सभागृहात दिलेली आश्वासनं पाळली जातात की नाही हे पाहायला आश्वासन समिती नावाची वेगळी समिती आहे.

याशिवाय तातडीच्या विषयावर मंत्र्याला निवेदन करायला लावणारी लक्षवेधी सूचना, तारांकित प्रश्नाच्या उत्तराने समाधान झालं नाही तर अर्धा तास चर्चा, अर्थसंकल्पातल्या एखाद्या खर्चाच्या मागणीवर बोट ठेवणारी कपात सूचना, सदस्याला स्वतःचा कायदा मांडता यावा म्हणून अशासकीय विधेयक. लोकलेखा आणि अंदाज यांसारख्या समित्यांमध्ये तर कॅमेरे नसतात, घोषणाबाजी नसते, नुसते कागद असतात. लहान पक्षाच्या आमदाराला बोलायला वेळ पक्षाच्या संख्येप्रमाणे मिळतो, म्हणजे अगदी थोडा. त्याने ही आयुधं शिकली नाहीत, तर पाच वर्षांत त्याचा आवाज कुणाच्या कानावरही पडणार नाही.

गणपतराव ही आयुधं कोळून प्यायलेले होते. मूळचे वकील, त्यामुळे नियमांची गोडी होतीच. कामकाज सुरू होण्याआधी बाकावर येऊन बसणारे आणि शेवटपर्यंत थांबणारे आमदार म्हणून ते ओळखले जात. मुंबईला अधिवेशनाला जाताना एसटीने जाणारा आमदार अशीही त्यांची ख्याती होती. एसटीच्या गोष्टीचं लोकांना फार कौतुक असतं आणि ते रास्तच आहे. मला मात्र शेवटपर्यंत बाकावर बसून राहणं जास्त मोलाचं वाटतं. संध्याकाळी सात वाजता, सभागृहात मोजकी डोकी उरलेली असताना, पाटबंधारे खात्याच्या मागण्यांवर बोलायला उठणाऱ्या माणसाला टाळ्या मिळत नाहीत, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात नावही येत नाही. पण त्याचं बोलणं कामकाजाच्या नोंदीत जातं आणि पुढच्या वर्षी 'गेल्या वर्षी आपण सभागृहात असं सांगितलं होतं' म्हणून तेच मंत्र्यांपुढे ठेवता येतं.

मंत्रिपद त्यांच्या वाट्याला दोनदा आलं. १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या सरकारात. पुलोद सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झालं. म्हणजे कारकिर्दीचा फार मोठा भाग सत्तेबाहेरच गेला.

सांगोल्याच्या मुख्य दुखण्याकडे, म्हणजे पाण्याकडे आता वळतो. आमदाराच्या कामाला किती वेळ लागतो, हे इथे दिसतं.

सांगोला अवर्षणप्रवण पट्ट्यात आहे. माण नदी आहे, पण वर्षातला बराच काळ कोरडी. पाऊस पुरत नाही, म्हणून इथल्या शेतकऱ्याने थोड्या पाण्यावर येणारं डाळिंब धरलं आणि सांगोल्याचं डाळिंब देशभर गेलं. पण डाळिंबालाही थोडं तरी पाणी लागतंच. ते आणायचं कुठून? पश्चिमेला कृष्णा आहे. पण तिच्या पाण्याचे तीन वाटेकरी, महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश. बच्छावत पाणीतंटा लवादाने १९७० च्या दशकात वाटणी केली, त्यात महाराष्ट्राला ५६० टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी आलं. ३१ मे २००० नंतर या निवाड्याचा फेरविचार होऊ शकेल, असंही त्यात होतं. म्हणजे तोवर आपलं पाणी अडवलं नाही, तर पुढच्या वाटणीत आपली बाजू लंगडी पडणार. या धास्तीतून १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं, कर्जरोखे काढून पैसा उभा केला गेला आणि धरणं, उपसा योजना यांची कामं एकदम सुरू झाली. कराडजवळ टेंभूला कृष्णेतून पाणी उचलून खानापूर, आटपाडी, सांगोल्याकडे न्यायची टेंभू योजना त्यातलीच.

पण धरणाचं पाणी आपोआप चढावर जात नाही आणि सरकारी पैसा आपोआप दुष्काळी तालुक्याकडे येत नाही. त्यासाठी १९९० च्या दशकात आटपाडीला पाणी परिषद सुरू झाली. स्वातंत्र्यसैनिक क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, चळवळीतले डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख ही त्यामागची नावं. तेरा दुष्काळी तालुक्यांतले शेतकरी तिथे जमायचे. मागणी फक्त 'आम्हाला पाणी द्या' एवढीच नव्हती. समन्यायी वाटप करा, म्हणजे नदीकाठच्या उसाला बेसुमार आणि माळावरच्या माणसाला थेंबही नाही असं होऊ देऊ नका, अशी ती मागणी होती. रस्त्यावर ही चळवळ आणि विधानसभेत तिचा माणूस अशी ती जोडी होती. एकटी चळवळ निवेदन देऊन घरी परतते आणि एकट्या आमदाराला सरकार दोन मिनिटांत गप्प बसवतं. दोघं एकत्र असले की मंत्र्याला बैठक लावावीच लागते.

तरीही पाणी यायला वर्षांमागून वर्षं गेली. का? अनेक कारणं आहेत, पण एक कारण फार कमी लोकांना माहीत असतं. घटनेच्या कलम ३७१(२) नुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राच्या विकासाची विशेष जबाबदारी राष्ट्रपती राज्यपालांवर सोपवू शकतात आणि १९९४ मध्ये ती सोपवली गेली. विदर्भ-मराठवाड्यातला सिंचनाचा अनुशेष भरून काढण्यासाठी कोणत्या विभागाला किती पैसा द्यायचा, याचे निर्देश राज्यपाल देऊ लागले. विदर्भ-मराठवाड्यावर अन्याय झालेला होता, त्यामुळे ते निर्देश योग्यच होते. पण 'उर्वरित महाराष्ट्रा'च्या वाट्याला आलेल्या पैशात कृष्णा खोऱ्यातल्या अर्धवट योजना अडकल्या. सांगोला, आटपाडी, जत, माण हे तालुके कागदोपत्री समृद्ध पश्चिम महाराष्ट्रात मोडतात, प्रत्यक्षात मराठवाड्याइतकेच तहानलेले. विभागाच्या सरासरीत या तालुक्यांची तहान दिसतच नव्हती. ती वेगळी मोजा, हे सभागृहात सांगणं हे याच तालुक्यांच्या आमदारांचं काम होतं.

योजना झाल्यावरही प्रश्न संपला नाही. इतक्या उंचीवर पाणी चढवायचं तर विजेचं बिल प्रचंड. ते थकलं की पंप बंद. शेवटी ८१ टक्के वीजबिल सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी भरायचं असं सूत्र ठरलं, तेव्हा पंप फिरत राहण्याची खात्री आली. टेंभूचं पाणी माणच्या पात्रात आलं, बंधारे भरले. योजनेच्या सुरुवातीपासून मोजलं तर यात पाच वर्षांच्या कितीतरी मुदती संपून गेल्या. एका मुदतीत निकाल दाखवायचा हट्ट धरणारा आमदार असल्या कामाला हातच लावणार नाही, कारण त्याचं श्रेय कुणा दुसऱ्याच्या मुदतीत पडतं.

कायद्याची ताकद समजायला रोजगार हमीचं उदाहरण पुरेसं आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडून जगली. त्यानंतर विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७७ मध्ये कायदा झाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाली. मागेल त्याला काम देणं ही सरकारची मेहेरबानी उरली नाही, तो हक्क झाला. त्यासाठी १९७५ पासून शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेल्या पैशातून सांगोल्यासारख्या तालुक्यात बांधबंदिस्ती व्हायची. कुठल्याही आमदार निधीतून इतकं काम झालं नसतं. एक कायदा काय करू शकतो ते हे. पुढे २००५ मध्ये देशाच्या पातळीवर असाच कायदा झाला.

सभागृहाबाहेर गणपतरावांनी तालुक्यात उभं केलेलं ठळक काम म्हणजे शेतकरी सहकारी सूतगिरणी. राज्यात कितीतरी सहकारी गिरण्या कर्जात बुडाल्या, बंद पडल्या. सांगोल्याची गिरणी मात्र चांगल्या कारभारासाठी नावाजली गेली. जिथे पाऊस फसला की मजुरी थांबते, तिथे महिन्याच्या महिन्याला पगार होणारी जागा म्हणजे काय, हे तिथल्याच माणसाला विचारावं.

मग १९७२ आणि १९९५ ला ते का हरले? आणि बाकीच्या वेळी जिंकले कसे? जातीचं गणित टाळून याचं उत्तर देता येणार नाही. ते धनगर समाजातले आणि तालुक्यात या समाजाची संख्या मोठी. पण नुसत्या एका समाजाच्या बळावर पन्नास वर्षं मतदारसंघ टिकत नाही. शेकापची गावोगावी बांधणी, गावात कुणाच्या दुःखाला आबासाहेब स्वतः येणार याची खात्री आणि हातावर न लागलेला पैशाचा डाग, या सगळ्याचं मिळून ते मतदान होतं. उलट १९२ मतांचा पराभव सांगतो की हे गणित किती काठावर असतं. दोन लहान वाड्यांनी मन बदललं की खेळ संपला. म्हणूनच आमदार लग्न, दहावा, जावळ काहीच चुकवत नाही.

पक्ष न बदलणं ही त्यांची आणखी एक ओळख. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा आला, दहावी अनुसूची. पक्ष सोडला किंवा पक्षादेश मोडला तर आमदारकी जाऊ शकते. पण दोन तृतीयांश आमदारांच्या विलीनीकरणाला सूट आहे आणि निर्णय विधानसभा अध्यक्षांच्या हाती, ज्याला वेळेचं बंधन नाही. २०२२ च्या शिवसेना फुटीवर अध्यक्षांचा निर्णय यायला जानेवारी २०२४ उजाडलं. कायदा असा असताना माणूस स्वतःहून एका पक्षात राहतो, तेव्हा ती त्याची निवड असते. शेकाप आटत गेला, सत्ता दुसऱ्यांकडे राहिली, तरी गणपतराव तिथेच राहिले.

२०१९ मध्ये वयामुळे ते उभे राहिले नाहीत. त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात आबासाहेबांचं निधन झालं. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडून निवडून आले. पुढच्या पिढीकडे जागा जाणं लोकशाहीला कितपत बरं, हा प्रश्न इथेही विचारायलाच हवा. आडनाव वारशात मिळतं, सभागृहात तासन्‌तास बसण्याची सवय मात्र ज्याची त्यानेच लावून घ्यायची असते.

तुमचा आमदार काय करतो हे पाहायचं असेल तर महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर अधिवेशनवार तारांकित प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईला होतं, हिवाळी नागपूरला. कुठलीही एक यादी उघडा, त्यात आमदाराचं नाव शोधा आणि त्याने कशाबद्दल विचारलंय ते वाचा. आपल्या तालुक्याच्या पाण्याबद्दल, दवाखान्याबद्दल, शाळेबद्दल प्रश्न असेल तर खाली मंत्र्यांचं उत्तरही असतं. 'हे खरे नाही', 'अंशतः खरे आहे' किंवा 'प्रश्न उद्भवत नाही' असं काहीतरी तिथे लिहिलेलं दिसेल. त्या तलावाजवळ तुम्ही राहत असाल, तर ते उत्तर खरं की खोटं हे मंत्रालयापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक असतं. ते आमदाराला लेखी कळवा, पुढच्या अधिवेशनात त्याला उपप्रश्न विचारायला तेच लागतं.